स्टोरीबोर्ड फेकण्याआधी

आयफोनचं ॲप करायला बसलेल्या कुठल्याही टीमच्या पहिल्याच बैठकीत एक ठराव चर्चेविना मंजूर होतो: स्टोरीबोर्ड नको, सगळ्या स्क्रीन कोडमध्ये. ठराव मांडणारा बहुधा टीममधला सर्वांत जुना माणूस असतो, म्हणून कोणी हरकत घेत नाही. नव्याने लागलेली मुलं तर निमूट मान डोलावतात. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये आपण माऊसने बटणं ओढून स्क्रीन केल्या होत्या, हे सांगायची त्यांना लाज वाटते. ही लाज आपल्या धंद्यानेच त्यांच्यात रुजवली आहे आणि तिला काहीही आधार नाही, हे मला इथे दाखवायचं आहे.

माझा पक्ष असा. चित्राने मांडलेल्या आणि कोडने लिहिलेल्या स्क्रीन एकाच ॲपमध्ये बिनतक्रार नांदतात, फक्त त्यांच्यामधला सांधा पक्का असावा लागतो. स्टोरीबोर्डच्या नावावर आज ज्या तक्रारी खपतात, त्यांतल्या बहुतेक या सांध्याच्या तक्रारी आहेत. सांधा ढिला ठेवून सगळं कोडमध्ये नेलं, तरी तो ढिलेपणा पाठ सोडत नाही.

प्रतिपक्षाचं म्हणणं आधी पूर्ण ताकदीने मांडतो, कारण ते उथळ नाही. स्टोरीबोर्ड वरून चित्र दिसत असला तरी आतून ती एक्सएमएल फाइल आहे. एक्सकोडच्या साच्यातून स्टोरीबोर्डचा नवा प्रोजेक्ट काढा आणि त्यातला मेन स्टोरीबोर्ड साधा मजकूर म्हणून उघडा. पहिल्या व्ह्यू कंट्रोलरची ओळख तिथे ‘बीवायझेड-३८-टी०आर’ अशी लिहिलेली सापडेल. माणसाला अर्थ लागावा म्हणून ती दिलेलीच नाही. दोघांनी दोन ब्रँचवर एकाच स्टोरीबोर्डला हात लावला की मर्ज करताना अशा ओळखींच्या, चौकटींच्या आणि कन्स्ट्रेंटच्या ओळी एकमेकींत घुसतात. त्या सोडवणारा माणूस शेवटी कंटाळून एकाचं काम ठेवतो आणि दुसऱ्याचं पुन्हा करायला लावतो. नुसती बघायला म्हणून फाइल उघडली, तरी एक्सकोड तिच्यात काही आकडे बदलून ठेवतो आणि ते पुल रिक्वेस्टमध्ये येऊन बसतात. रिव्ह्यू करणाऱ्याला बदल वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हणून तो न वाचताच मान्य करतो. मोठा स्टोरीबोर्ड उघडायला वेळ लागतो, हाही भाग आहेच. आणि या सगळ्याच्या वर सर्वांत गंभीर आरोप: कोडमध्ये नाव बदललं, चित्रात जुनंच राहिलं, कंपायलर काही बोलला नाही आणि ॲप ग्राहकाच्या हातात कोसळलं.

यातली एकही गोष्ट खोटी नाही. पण या साक्षीपुराव्यावरून जो निकाल दिला जातो तो मला मान्य नाही.

सुरुवात ‘हे शिकाऊंचं साधन’ या समजुतीपासून करू, कारण बाकीचे आरोप तिच्याच जोरावर उभे राहतात. स्टोरीबोर्ड ज्या साधनात मांडला जातो, तो इंटरफेस बिल्डर ज्याने घडवला तो ज्याँ-मारी यूलो हा फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेतला संगणकतज्ज्ञ. १९८० च्या दशकाच्या मध्यावर त्याने हे काम लिस्प भाषेत सुरू केलं. पुढे तो स्टीव्ह जॉब्झच्या नेक्स्ट कंपनीत गेला आणि १९८८ पासून नेक्स्टच्या संगणकांबरोबर इंटरफेस बिल्डर मिळू लागला. १९९० मध्ये सर्न इथे टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब ब्राउझर लिहिला तो याच संगणकावर, हेच साधन वापरून. इतर संगणकांवर ज्याला वर्षभर लागलं असतं ते इथे दोनेक महिन्यांत झालं, असं त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. मेन्यू आणि खिडक्या मांडायचं कष्टाचं काम साधनाने उचललं, म्हणून त्यांचं डोकं हायपरटेक्स्टकडे मोकळं राहिलं. ज्या साधनाने वेबच्या जन्माला हात लावला, त्याला नवशिक्यांचं खेळणं म्हणणं मला कृतघ्नपणाचं वाटतं.

यूलोची कल्पना नीट समजून घ्यावी, कारण सांध्याचा प्रश्न तिच्याच पोटातून येतो. त्या काळी चित्रावरून कोड तयार करून देणारी साधनं होती. तयार झालेल्या कोडला हात लावला की चित्र आणि कोड यांची कायमची फारकत व्हायची. यूलोने कोड तयारच केला नाही. त्याने खऱ्या ऑब्जेक्टांचं जाळं मांडलं, ते गोठवून फाइलमध्ये ठेवलं आणि ॲप चालू होताना पुन्हा जागं केलं. आजही स्टोरीबोर्डमधली स्क्रीन अशीच उठते. आधी प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलमधून उकलून निघतो, मग आउटलेट जोडले जातात, मग ‘व्ह्यू डिड लोड’ला हाक जाते. आउटलेट जोडणं म्हणजे काय, तर फाइलमध्ये एक नाव लिहिलेलं असतं आणि चालत्या ॲपमध्ये त्या नावाची जागा तुमच्या क्लासमध्ये शोधून तिथे ऑब्जेक्ट ठेवला जातो. कंपायलर या सोहळ्याला हजर नसतो. सगळी मेख इथे आहे.

आता मर्जच्या भांडणाचं घेऊ. २०११ मध्ये आयओएस ५ बरोबर स्टोरीबोर्ड आले, त्याआधी प्रत्येक स्क्रीनची वेगळी झिब फाइल असायची. स्टोरीबोर्डने अनेक स्क्रीन आणि त्यांच्यामधले सेग्वे एका कागदावर आणले. ते पाहायला इतकं छान वाटलं, की लोकांनी अख्खं ॲप एकाच फाइलमध्ये कोंबलं. लॉगिन, नोंदणी, खातं, सेटिंग्ज, मदत, सगळं ‘मेन’मध्ये. मग पाच जण रोज त्याच फाइलला हात लावणार आणि भांडणं होणार. पाच हजार ओळींची एकच स्विफ्ट फाइल केली आणि पाच जणांना तिच्यात बसवलं, तर तिथेही हेच होईल. पण तेव्हा कोणी स्विफ्ट भाषा बंद करा असं म्हणत नाही, फाइल तोडा म्हणतो. स्टोरीबोर्ड तोडण्याची सोयही २०१५ मध्ये एक्सकोड ७ बरोबर आली आहे: एका स्टोरीबोर्डमधून दुसऱ्याकडे बोट दाखवणारा स्टोरीबोर्ड रेफरन्स. एका कामाला एक लहान फाइल आणि त्या कामावर एका वेळी एक माणूस, एवढी शिस्त पाळली की मर्जची भांडणं जवळजवळ मिटतात. रिव्ह्यूचं दुखणं मात्र यानेही पूर्ण जात नाही, हे मान्य करतो. एक्सएमएल वाचायला लावण्याऐवजी बदललेल्या स्क्रीनचं चित्र पुल रिक्वेस्टला जोडायचा नियम केला, तर रिव्ह्यू करणाऱ्याला ग्राहक जे पाहणार तेच दिसतं. कोडमधले कन्स्ट्रेंट वाचून ते डोळ्यांपुढे आणणं जाणत्यालाही जड जातं.

आता कोसळण्याचा आरोप. यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण ‘स्टोरीबोर्ड नको’ म्हणणाऱ्यांच्या मनावरचा खरा ओरखडा हाच असतो.

पतसंस्थेच्या ॲपमधली खात्याची स्क्रीन घ्या. ती स्टोरीबोर्डमध्ये मांडली आहे: वर नाव, मधे शिल्लक, खाली उतारा मागवायचं बटण. तिच्या आधीची यादीची स्क्रीन मात्र कोडमध्ये लिहिली आहे. यादीतल्या ओळीवर बोट ठेवलं की खातं उघडायचं. यादी लिहिणारा मुलगा स्विफ्टचा सराव असलेला. तो क्लासचं नाव लिहितो, पुढे कंस उघडतो, बंद करतो आणि तयार झालेला ऑब्जेक्ट नेव्हिगेशनवर ढकलतो. कंपायलर खूश. ॲप चालवलं की खात्यावर बोट ठेवताच क्रॅश: आउटलेट नील. हेच एखाद्या क्लासने ‘व्ह्यू डिड लोड’मध्ये आउटलेटला हात लावला नसेल, तर क्रॅशऐवजी नुसती काळी स्क्रीन येते आणि मुलगा दुपारभर रंगाचा दोष शोधत बसतो.

झालं ते इतकंच, की त्याने क्लास जागा केला, चित्र नाही. चित्र स्टोरीबोर्डच्या फाइलमध्ये झोपलेलंच राहिलं. त्या क्लासला स्वतःचं चित्र कुठे आहे हे ठाऊक नसतं. ते स्टोरीबोर्डला विचारावं लागतं, आणि विचारताना स्टोरीबोर्ड आयडी द्यावी लागते. गोंधळ वाढायचं आणखी एक कारण आहे. तीच स्क्रीन वेगळ्या झिबमध्ये असती आणि झिबचं नाव क्लासच्याच नावाचं असतं, तर रिकाम्या कंसानेही काम झालं असतं, कारण यूआयकिट त्या नावाची झिब आपणहून शोधतं. झिबला चालतं ते स्टोरीबोर्डला चालत नाही, हे कोणी शिकवत नाही. मुलगा क्रॅश खाऊन शिकतो आणि शिकताना चुकीचा धडा घेतो: स्टोरीबोर्ड वाईट.

दुसरा प्रकार याच्या उलटा. कोडमधल्या आउटलेटचं नाव कोणीतरी हाताने बदललं; स्टोरीबोर्डमध्ये जुनं नाव राहिलं. स्क्रीन उघडताना जुन्या नावाची जागा सापडत नाही आणि ‘हा क्लास त्या कीसाठी की-व्हॅल्यू कोडिंगला अनुरूप नाही’ अशा अर्थाची ती कुप्रसिद्ध ओळ कन्सोलवर उमटते. बटणाच्या ॲक्शनचं नाव बदललं असेल तर प्रकरण आणखी वाईट, कारण स्क्रीन व्यवस्थित उघडते आणि बटण दाबल्यावरच ॲप पडतं. बदल रिफॅक्टरच्या रीनेमने केला असता तर एक्सकोडने स्टोरीबोर्डमधलं नावही बदललं असतं. तरीही माणसं फाइंड-रिप्लेस करतात, हे वास्तव आहे.

या सगळ्यांत समान काय आहे? दोन बाजूंना जोडणारी गोष्ट म्हणजे एक मोकळं नाव, आणि ते बरोबर आहे का हे पाहणारा कोणी नाही. आता अँड्रॉइडकडे वळून पाहा. तिथे स्क्रीन एक्सएमएलमध्ये मांडून ‘फाइंड व्ह्यू बाय आयडी’ने कोडमध्ये ओढून आणायची पद्धत होती, आणि चुकीच्या लेआउटमधली आयडी मागितली की नल मिळून तिथेही असंच कोसळायचं. तिथल्या लोकांनी सांधा दुरुस्त केला. २०२० मध्ये अँड्रॉइड स्टुडिओ ३.६ बरोबर व्ह्यू बाइंडिंग आलं: प्रत्येक लेआउटसाठी एक क्लास आपोआप तयार होतो, त्यात फक्त खरोखर असलेलीच व्ह्यू असतात, आणि नसलेलं नाव लिहिलं तर कोड कंपाइलच होत नाही. लेआउट एक्सएमएलमध्येच राहिला आणि त्या जातीचे क्रॅश थांबले. आयओएसमध्येही स्विफ्टजेन किंवा आर डॉट स्विफ्ट यांसारखी साधनं स्टोरीबोर्ड वाचून आयडींना कंपायलरच्या नजरेखाली आणतात. मी जे म्हणतो आहे त्याला याहून चांगला दाखला मला सापडलेला नाही.

उलट बाजूचाही दाखला आहे. अँड्रॉइडच्याच जेटपॅक कंपोजमध्ये सगळी स्क्रीन कोडमध्येच लिहितात, चित्राची फाइल नाहीच. तरी त्यातल्या नेव्हिगेशनमध्ये एका स्क्रीनवरून दुसरीकडे जाण्यासाठी सुरुवातीला साध्या स्ट्रिंगचे मार्ग द्यावे लागत. स्पेलिंग चुकलं की क्रॅश. टाइप पाहून तपासले जाणारे मार्ग त्यात २०२४ मध्ये आले. म्हणजे चित्र पूर्ण काढून टाकल्यावरही मोकळ्या नावाचा रोग तिथे कितीतरी दिवस राहिलाच होता.

आणखी एक आरोप असा की स्टोरीबोर्डमधल्या स्क्रीनला जन्मताच माहिती देता येत नाही. आधी ती तयार होते, मग तिच्यात खातं, सर्व्हिस वगैरे भरावं लागतं, आणि भरायचं राहिलं तर नील. हा आरोप एकेकाळी खरा होता. २०१९ मध्ये आयओएस १३ आलं तेव्हापासून तो शिळा आहे. स्टोरीबोर्डकडे स्क्रीन मागताना आता एक क्लोजर देता येतो. त्यात कोडर हाती येतो आणि आपण आपला इनिशियलायझर बोलावतो, ज्याला खातं द्यावंच लागतं. ते न देता ती स्क्रीन तयार करायची वाट बंद करता येते. सेग्वेने जायचं असेल तर एक्सकोड ११ मधल्या सेग्वे ॲक्शनने हेच होतं. ही सोय आली तरी जुना आरोप अजून तसाच पाठ म्हटला जातो.

‘आता स्विफ्टयूआय आलं, हा वादच संपला’ असं म्हणणारेही भेटतात. स्विफ्टयूआय २०१९ मध्ये जाहीर झालं, त्याच वर्षी यूलो वारला. मला स्विफ्टयूआय आवडतं आणि कोडमध्ये करायची नवी स्क्रीन मी त्यातच लिहीन. पण ॲपलने त्याच्याबरोबर काय दिलं ते पाहा. कोडच्या शेजारी जिवंत प्रिव्ह्यू दिला, कारण डोळ्यांना दिसल्याशिवाय स्क्रीन मांडता येत नाही हे यूलोचं म्हणणं कोणालाच टाळता आलेलं नाही. आणि पहिल्याच दिवशी जोडकामाचे सांधे दिले: यूआयकिटच्या ॲपमध्ये स्विफ्टयूआयची स्क्रीन बसवायला होस्टिंग कंट्रोलर, उलट दिशेने यायला रिप्रेझेंटेबल. हा होस्टिंग कंट्रोलर स्टोरीबोर्डवर ठेवून सेग्वे ॲक्शनमधून त्यात स्विफ्टयूआयची स्क्रीन भरता येते. गूगलनेही तेच केलं. जुन्या एक्सएमएलमध्ये कंपोज व्ह्यू बसतो आणि कंपोजमध्ये जुना व्ह्यू. ज्यांनी नवी पद्धत घडवली त्यांनी जुनी मोडायला सांगितलं नाही, शेजारी बसवून दिलं. मग आपल्याच बैठकांमध्ये हा सोवळेपणा कुठून येतो?

दुसऱ्या टोकाच्या मताचं खंडन थोडक्यात करतो, कारण ते कमी लोक धरतात, पण ते लोक बजेट ठरवणारे असतात. स्क्रीन माऊसने ओढून होतात, तेव्हा प्रोग्रॅमर कशाला, असं ते मत. चित्रात जागा आणि आकार सांगता येतात. शिल्लक सर्व्हरवरून यायला उशीर झाला तर काय दाखवायचं, नेटवर्क गेलं तर काय, एकाच वेळी दोनदा बटण दाबलं तर पैसे दोनदा जातील का, हे चित्रात कुठेच लिहिता येत नाही.

मग कोणती स्क्रीन कुठे करावी? माझं उत्तर असं: जिची मांडणी ठरलेली आहे ती चित्रात, जिची मांडणी माहितीवरून ठरते ती कोडमध्ये. सेटिंग्ज, केवायसीचा फॉर्म, संपर्काचं पान, हे सगळं चित्रात लवकर आणि चोख होतं. स्थिर सेलचं टेबल तर स्टोरीबोर्डशिवाय मिळतच नाही. उलट व्यवहारांची लांबत जाणारी यादी, गप्पांची स्क्रीन, सर्व्हर सांगेल तसं रूप बदलणारं मुखपृष्ठ, हे स्टोरीबोर्डमध्ये कोंबू नये. तिथे कोडच हवा. आणि दोन्हींची गाठ जिथे पडते ती जागा ॲपभर विखुरलेली नसावी. स्क्रीन तयार करण्याचं काम एकाच ठिकाणी ठेवा, मग तिला फॅक्टरी म्हणा नाहीतर कोऑर्डिनेटर. यादी लिहिणाऱ्या मुलाने ‘मला खात्याची स्क्रीन दे, हे घे खातं’ एवढंच म्हणावं. ती स्टोरीबोर्डमधून आली, झिबमधून आली की स्विफ्टयूआयमधून, हे त्याला कळायचं कारण नाही. उद्या खात्याची स्क्रीन नव्याने लिहिली तरी यादीची एक ओळसुद्धा हलणार नाही.

मराठी ॲप करणाऱ्यांसाठी इथे वेगळं सांगायला हवं. ‘बॅलन्स’च्या जागी ‘उपलब्ध शिल्लक’, ‘हिस्टरी’च्या जागी ‘व्यवहारांचा तपशील’ आलं की रुंदी कमी पडते. उंची तर आणखी दगा देते. इंग्रजी अक्षरांवर बेतून लेबलची उंची पक्की ठोकली, की ‘पूर्ण’वरचा रफार वरून कापला जातो आणि खालचा दीर्घ ऊकार तळाला घासतो. कोडमधला उंचीचा आकडा वाचताना हे कोणाच्याही ध्यानात येत नाही, कारण आकडा निर्दोष दिसतो. चित्रात मात्र नमुन्याचा मराठी शब्द टाकून पाहिला की लगेच खुपतं, आणि प्रोग्रॅमर नसलेल्या माणसालाही खुपतं. भाषांतर करणाऱ्या बाईंना शेजारी बसवून ‘हे बघा, मावत नाही, दुसरा शब्द सुचतो का’ असं विचारता येतं. त्यांच्यापुढे कन्स्ट्रेंटचा कोड ठेवून हा संवाद होणार नाही. म्हणूनच मी मराठी फॉर्मची स्क्रीन चित्रात मांडायचा आग्रह धरतो.

शब्द मात्र मी चित्रात नमुन्यापुरतेच ठेवतो. स्टोरीबोर्डमधून भाषांतराची फाइल काढली की प्रत्येक शब्दासमोर तीच अगम्य ओळख कीच्या जागी येते. मूळ इंग्रजी शब्द कॉमेंटमध्ये असतो, पण तो कोणत्या स्क्रीनवर, कशासाठी, ते कळत नाही. लेबल पुसून नवं ठेवलं की ओळख बदलते आणि भाषांतर पोरकं होतं. शब्द कोडमधून, अर्थ लागेल अशा कीने भरावेत. इथे प्रतिपक्षाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि ते स्वीकारल्याने माझा पक्ष पातळ होत नाही.

उरला तो क्रॅशचा धाक. त्यावर लिहायला अगदी लहान एक टेस्ट आहे. ॲपमधला प्रत्येक स्टोरीबोर्ड उघडायचा, त्यातली प्रत्येक स्क्रीन वर सांगितलेल्या त्या एकाच ठिकाणाहून मागायची आणि तिच्यावर ‘लोड व्ह्यू इफ नीडेड’ बोलवायचं. आउटलेटचं नाव चुकलं असेल, क्लासचं नाव किंवा मॉड्यूल बदललं असेल, स्टोरीबोर्ड आयडी पुसली गेली असेल, तर टेस्ट तिथेच पडते, बिल्ड सर्व्हरवर, ग्राहकाच्या हातात नाही. बटणांच्या ॲक्शन त्याच टेस्टमध्ये टार्गेटला विचारून तपासता येतात. ती लिहायला एक सकाळ पुरते. पुढच्या बैठकीत ‘स्टोरीबोर्ड नको’ म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारीन, की ही टेस्ट तुमच्या प्रोजेक्टमध्ये आहे का. नसेल, तर आधी ती लिहू आणि ठराव पुढच्या बैठकीत घेऊ.